धारोष्ण

१९७४च्या उन्हाळ्यात मी कोल्हापुरात कॉलेजवर प्राणिशास्त्र शिकवत होतो. प्रयोगशाळेच्या खिडकीत माझ्या दोन बरण्या असत. दोन्हींत रंकाळ्याच्या पाण्यातल्या पाणपिसवा, मोहरीएवढ्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. एका बरणीला ताजं हिरवं शेवाळ, दुसरीला निकस खाणं. रोग मात्र दोन्हींना एकच लावलेला.

आमची नंदिनी माघात तापानं गेली. सहा वर्षांची होती. मंगळवार पेठेतल्या घरात लीलाला, माझ्या बायकोला, दुपार खायला उठायची. म्हणून ती माझ्याबरोबर येऊन बरण्यांपाशी स्टुलावर बसू लागली.

"या एवढ्या पांढऱ्या का झाल्यात?" तिनं एकदा विचारलं.

"आत जंतू भरलेत. चांगलं खाणारीच्या अंगात ते जास्त पोसतात, आणि तीच आधी मरते. उपाशी पिसूत त्यांनाही काही मिळत नाही."

तिनं काचेवरचा हात काढून घेतला.

"डॉक्टर म्हणाले होते, पोरीला सकस द्या. मी दोन्ही वेळा दूध पाजलं."

"माणसाचं तसं नसतं, लीला."

"नसतं?"

त्या दिवसापासून तिनं अन्न जवळजवळ सोडलं.

पांढऱ्या पिसवा एव्हाना मरायला हव्या होत्या. त्या मरेनात. लीला बसे त्या बाजूच्या काचेला येऊन दाटी करत. उजेडामुळं असेल म्हणून मी खिडकीला काळं कापड लावलं, स्टूल पलीकडं सरकवलं. त्या तिच्यामागं गेल्या.

"भुकेल्यात," ती म्हणाली, आणि पाण्यात बोट बुडवून बसली. मी तिचा हात बाहेर काढला. पाणी गार होतं. बोट तापलेलं.

दुसऱ्या सकाळी त्या बरणीत नुसतं पाणी होतं. तळाशी एक मेलेली पिसूही नव्हती.

संध्याकाळी गंगावेशीत केरबानं हाक मारली. तो गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध द्यायचा.

"मास्तर, वैनी आज तीनदा येऊन गेल्या की. उभ्या उभ्या प्याल्या, वर तांब्या भरून नेला. बरं वाटलं बघून."

मलाही बरं वाटलं. झपाझप घरी आलो. लीला उंबऱ्यात बसली होती, शेजारी तांब्या रिकामा. माघानंतर पहिल्यांदाच ती हसत होती.

"हळू पी," ती म्हणाली. माझ्याशी नाही. तिचा तळवा बरगड्यांवर होता.

मी तिथं हात ठेवला.

तिचे ओठ मिटलेले होते. घसा हलत नव्हता. आत मात्र कुणीतरी घोट घेत होतं. लहान, घाईचे घोट, मधेच श्वासासाठी थांबून.

नंदिनी तशीच प्यायची.

पोसल्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं.

मी तांब्या उचलला.

"अजून आणू?"

आतले घोट थांबले. कुणी कान देऊन ऐकावं, तसे.