फ्लॉपी ड्राइव्हला लागलेलं कुंकू

धाराशिवच्या तिसऱ्या मोबाइलवाल्यानं सृष्टीच्या पिशवीतली वस्तू दोन बोटांत धरून उलटीसुलटी केली.

"ताई, हे कशाचं डबडं म्हणायचं?"

"फ्लॉपी ड्राइव्ह, दादा. भरतकामाच्या मशीनचा."

"नवा बसवा की," म्हणत त्यानं पाना उचलला. सृष्टीनं पटकन ड्राइव्हवर हात ठेवला.

"तसं उचकटू नका…" मागून कुणीतरी म्हणालं.

एक सडपातळ, चष्मेवाला मुलगा उभा होता. चेहरा असा, जणू नुकतीच मयतीची बातमी घेऊन आलाय. त्यानं ड्राइव्ह उजेडात धरून आत डोकावलं.

"नवा चालणार न्हाय. ह्याच्यात फ्लॉपीचं दुसरं भोक ओळखायचं बटण न्हाय, म्हणजे हा जुना, कमी क्षमतेचा. तुमची फ्लॉपी पण एकाच भोकाची असणार."

सृष्टीनं पर्स छातीशी धरली. आपल्या पर्समध्ये काय आहे हे न उघडता सांगणारा हा पहिलाच पुरुष होता.

त्याचं नाव शंभुलिंग, गाव अणदूर. धाराशिवला एसटी स्टँडमागच्या खोलीत तो जुने कॉम्प्युटर जगवायचा. त्यावर पोट भरत नाही म्हणून लोकांच्या दारांवर कॅमेरे बसवायचा. त्याच्यामागून तिथं जाताना सृष्टीला दोन भीती होत्या. अनोळखी मुलगा, ही लहान. मोठी भीती पर्समध्ये होती. तिनं स्वतः काढलेली सगळी नक्षी, मोर, कोयऱ्या, वेली, त्या एकाच फ्लॉपीत होती. दुसरी प्रत नव्हती. तुळशीचं लग्न झालं की नवऱ्यामुलींचे ब्लाउज दारात येणार होते.

शंभुलिंगानं झाकण काढलं. आत सगळं लाल.

"रक्त?" सृष्टीनं विचारलं.

"कुंकू."

"माझ्या वडलांनी, आप्पांनी, दसऱ्याला मशीनची पूजा केली…"

त्यानं चिमट्यानं एक रुपयाचं नाणं बाहेर काढलं.

"आमचं घर तुळजापुरात, देवळाजवळ," सृष्टी म्हणाली. "फट दिसली की आप्पा नाणं टाकतात."

तो हसला नाही. स्पिरिटच्या बोळ्यानं, बाळाचा कान पुसावा तसा, ड्राइव्हचा वाचणारा भाग पुसत राहिला. त्याची बोटं बघता बघता सृष्टी घाबरायची विसरली. मग ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडून त्यानं हात पुढं केला. "फ्लॉपी."

"खराब झाली तर?"

"खरवडते. गोल रेघ पडते. मग काहीच उरत न्हाय."

"तुम्हाला धीर देता येत नाही का हो?"

"येतो. पण मग तुम्ही फ्लॉपी द्याल."

तिनं पर्स आणखी घट्ट धरली. वरचा पंखा तेवढा किरकिरत होता. मग शंभुलिंगानं ड्रॉवर उघडलं, तसलीच एका भोकाची एक फ्लॉपी काढली, क्षणभर हातात धरली… आणि आत सरकवली.

कर्र्र…

त्यानं ती ओढून बाहेर काढली. काळ्या चकतीवर स्वच्छ, गोल रेघ.

"गेली," तो म्हणाला.

"कशाची होती?"

"अशीच."

आता भिंग, पुन्हा चिमटा. या वेळी तांदळाचा एक तुकडा निघाला.

"अक्षता," तो गंभीरपणे म्हणाला. "लग्नाचं सगळं सामान हाय आत. फक्त भटजी सापडायचे राहिले."

सृष्टी लाल होऊन पंख्याकडं बघू लागली.

"आता?" तिनं हळूच विचारलं.

"आता माझ्याकडं दुसरी न्हाय."

तिनं पर्स उघडली. फ्लॉपीचं एक टोक तिच्या बोटांत, एक त्याच्या. सोडेना कुणीच.

"तुम्ही ओढून का घेत नाही?" ती म्हणाली.

"लई भीती वाटतीया."

त्याला एवढी भीती वाटते, म्हणजे तो जपून करणार. सृष्टीनं फ्लॉपी सोडली.

टक्. घर्र… घर्र… आणि पडद्यावर एकाखाली एक नावं उमटली. मोर. कोयरी. वेल.

शंभुलिंगानं श्वास न घेता सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं. मगच तो खुर्चीत बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यानं न बघितल्यासारखं केलं आणि ते त्याला अजिबात जमलं नाही.

"तुमच्या फ्लॉपीत काय होतं, खरं सांगा."

"माझी जन्मपत्रिका. जोशीबुवांनी कॉम्प्युटरवर मांडलेली. कागद उंदरांनी खाल्ला."

"आणि तुम्ही ती…"

"मंगळ होता. कडक. चार घरांतून नकार आणला त्यानं."

त्यानं कॉम्प्युटरच्या दुसऱ्या, मशीनची नक्षी वाचता न येणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती मेलेली फ्लॉपी घातली. पडद्यावर चौकट आली.

"काय म्हणतंय?"

"सगळं पुसून कोरी करू का, म्हणतंय." तो चष्मा पुसू लागला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसू लागला. "मला वाटतं… म्हणजे, तुमचं काही म्हणणं असंल तर…"

सृष्टी पुढं वाकली आणि तिनंच 'होय'चं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. दोघं ती ऐकत राहिले, एकमेकांकडं बघायचं धाडस कुणातच नव्हतं.

"आप्पा पत्रिका मागतील," ती म्हणाली.

त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. "कधी?"

"तुम्ही घरी याल तेव्हा."

शंभुलिंग चिमटा शोधायला टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.