नवं काही सांगू नका

'किरणालय' या कर्करोग रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर वर्तमानपत्रं गेल्या वर्षीची असत, जेवायला रोज तीच मुगाची खिचडी, आणि नर्सनं केसांना वेगळी क्लिप लावली तर तिला दारातूनच परत पाठवत. इथे 'जागर' उपचार चाले.

"अण्णांना कीर्तन ऐकायचंय," शरयू डॉक्टर काझींना म्हणाली. जन्मभर कीर्तनं केलेल्या बापाची महिनाभराची तगमग तिला बघवत नव्हती.

"आधी धोका समजून घ्या. किरण पेशीतला जनुकांचा धागा तोडतात. मग पेशीतलं एक प्रथिन, आम्ही त्याला तपासनीस म्हणतो, तो धागा बघतं. सांधण्याजोगा नसेल तर पेशीला सांगतं, आवर आता. ती निमूट स्वतःला संपवते. कर्करोगाच्या पेशीत हा तपासनीस झोपलेला असतो. आमचं औषध त्याला जागं करतं."

"मग चांगलंच की!"

"सगळ्या अंगातला जागा होतो हो. मेंदूत नवं काही ठसताना धागे क्षणभर तुटतात, एरवी लगेच सांधले जातात. आता तेवढीही सवड नाही. नवं शिकलेली पेशी मरते, तिच्यातलं जुनंही घेऊन."

"पण सुदाम्याचं आख्यान अण्णांनीच मला शिकवलंय. चाळीस वर्षं पाठ आहे त्यांना."

"मग सांगा. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

दुपारी शरयू झांज घेऊन खाटेसमोर उभी राहिली.

"पट्टी चढी लाव गं शरे, दवाखान्यात आलीस म्हणून कण्हू नकोस!" अण्णा म्हणाले.

ती हसली, आणि रंगत गेली. सुदामा द्वारकेला निघाला. अण्णा इथे नेहमी त्याच्याबरोबर वाटेला लागत. शरयूचे पाय मात्र सुदाम्याच्या घराच्या उंबऱ्यातच अडले. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आणि मागे राहिलेल्या त्याच्या बायकोनं पोह्यांचं रिकामं गाडगं पुन्हा एकदा झटकून पाहिलं. आणखी दोन दाणे निघाले असते तर?"

अण्णांच्या डोळ्यांना धार लागली. तिनं जीभ चावली.

"थांबू नकोस. चाळीस वर्षांत मला ही माउली दिसली नाही गं."

"अण्णा, डॉक्टर म्हणाल्यात..."

"देवासाठी सांग."

ती सांगत गेली.

सकाळी गाठ निम्मी झालेली दिसली. डॉक्टर खूश होत्या. "बुवा, सुदामा निघाला. मग?"

"निघाला..." अण्णा अडखळले. मग शरयूकडे वळून, पहिल्यांदाच कथेला आलेल्या माणसाच्या उत्सुकतेनं त्यांनी विचारलं, "पोचला का हो तो, बाई?"

शरयूनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी झटकन तिच्या ओठांवर हात ठेवला.

"नका सांगू! आता त्यांना तेही नवं आहे. अजून अकरा दिवस औषध अंगात राहणार."

शरयू हे नाव आता त्यांना जुनं होतं की नवं, हे विचारून बघायची तिची छाती होईना.