राहिलेला टाका

हर्नियाच्या जाळ्या आमच्या हॉस्पिटलला मिळत नाहीत. आम्ही मच्छरदाणीचं कापड तळहाताएवढं कापतो, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतो आणि तेच पोटाच्या भिंतीला शिवतो. अकरा वर्षं चाललंय, आणि बरं चाललंय.

त्या मंगळवारी सकाळी टेबलावर एक दगडफोड्या होता. पन्नाशीचा, हाडापेराने मजबूत, पण बेंबीच्या वर नारळाएवढा फुगवटा. सहा वर्षं त्यावर फडकं आवळून तो घण मारत होता. आता फुगवटा आत जाईना, दोन दिवस उलट्या चालू होत्या. आधी कधी ऑपरेशन झालंय का, असं मी दोनदा विचारलं होतं. तो नाही म्हणाला. बायकोही नाही म्हणाली. पोटावर ओरखडासुद्धा नव्हता.

भुलीचं इंजेक्शन कमरेत दिल्यामुळे तो जागा होता; छातीवर आडवा पडदा. मी कातडी उघडली, चरबी बाजूला केली आणि थांबलो.

आत जाळी होती.

सिस्टरने दिवा खाली ओढला. आमच्याच मच्छरदाणीची वीण. मांस तिच्यातून आरपार वाढलेलं, म्हणजे बरीच वर्षं झालेली. तीन कोपरे पक्के होते. माझे वडील शिंपी; त्यांच्यासारखा मीही गाठीला एक वेढा जास्त देतो आणि सिस्टर त्यावरून मला चिडवते. त्या तिन्ही गाठींना तो जास्तीचा वेढा होता. सिस्टरने एकदा गाठींकडे, एकदा माझ्या हातांकडे बघितलं.

चौथ्या कोपऱ्यात टाकाच नव्हता. आतडं तिथूनच बाहेर आलं होतं.

मी पडद्यापलीकडे वाकलो. "काका, खरं सांगा. हे आधी कोणी केलं?"

तो छताकडे बघत होता. "एक राहिला होता ना?" तो शांतपणे म्हणाला. "तुमचा तरी काय दोष. हात किती थरथरत होता त्या दिवशी."

माझा हात कधीच थरथरलेला नाही.

आतडं गुलाबी होतं, जिवंत. ते आत सरकवलं. चौथा टाका घातला. केस पेपरवर नेहमीचंच ऑपरेशन लिहिलं. सिस्टरने न वाचता सही केली.

आठव्या दिवशी टाके काढले. जखम सुरेख भरली होती. घण कधी उचलू, असं त्याने विचारलं. तीन महिने नाव काढायचं नाही, असं मी बजावलं. तो हसला. सदरा घालता घालता म्हणाला, "उजवा हात कसा आहे आता?"

"माझ्या हाताला काय झालंय?"

तो गोंधळला. बायकोकडे वळला. तिने मान हलवली, अगदी जराशी.

"अजून नाही होय," तो पुटपुटला आणि खाली बघत बाहेर गेला.

ती मागे थांबली. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, आजाऱ्याचा धरतात तसा. मग तो सुटून पडू नये अशा बेताने, सावकाश टेबलावर ठेवून दिला.