फणीचा एक दात

इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. चौऱ्याऐंशी सालची ही गोष्ट. रविवारी सकाळी मैना कोथिंबीर घेऊन गल्लीत वळली, तर शेजारच्या फाटकाशी एक उंच तरुण वाकून उभा! त्याच्या हातात अर्धाच चष्मा होता. एक काच, एक काडी. ती काच डोळ्याशी धरून तो दारावरची पाटी वाचत होता... सावकाश, अक्षर न् अक्षर.

"काय शोधताय?"

तो दचकला. अर्धा चष्मा झटकन खिशात गेला. "विमलाबाईंचं घर... मी गोरक्ष. नामपूरहून आलोय."

मैनानं कोथिंबिरीची जुडी घट्ट धरली. विमलाबाई म्हणजे तिची आई. आणि नामपूरचे पाहुणे आज तिलाच बघायला येणार होते! पण ते दुपारी.

"आमची लंकाआत्या दुपारच्या गाडीनं येतेय," तो म्हणाला. "मी पहाटेच निघालो होतो. स्टँडवर उतरलो, शिंक आली आणि चष्म्याचे नाकावरच दोन तुकडे! दुकानं बंद. आता मुलगी बघायची कशी?"

"हातात काच होती की. खिशात कशाला घातलीत? समोरचं माणूस तरी दिसलं असतं."

"अनोळखी मुलीकडं भिंग धरून बघायचं? तुम्ही काय मुंगी आहात?"

मैना खळखळून हसली. तोही हसला, पण भलतीकडेच बघून.

"मी इकडे आहे," ती म्हणाली. "ते शेवग्याचं झाड आहे."

"तरीच... फार शांत वाटलं."

घर तिनं दाखवलं आणि त्याला ओट्यावरच बसवलं. "द्या ते तुकडे. जोडून देते."

"तुम्ही विमलाबाईंच्या कोण?"

"घरातलीच."

आताच्या मुलांना नवल वाटेल, पण त्या काळी प्लास्टिकची वस्तू मोडली म्हणून कुणी टाकून देत नसे. गल्लीतल्या बादल्या, साबणाच्या डब्या, टॉर्चची झाकणं, सगळं मैनाकडे यायचं. तिचा हात हलका होता आणि तिला घाई नसायची.

"उलथनं तापवून आणू का?" गोरक्षनं विचारलं. "आमच्याकडं बादली तशीच सांधतात."

"बादली वितळते. ही फ्रेम वेगळी. असलं काही काही पेटतं." तिचा आवाज जरा खाली गेला. "मला माहीत आहे."

लहानपणी तिची सेल्युलॉईडची बाहुली स्टोव्हजवळ पडून भप्पकन पेटली होती. बाहुली वाचवायला गेलेल्या मैनाच्या डाव्या गालावर, पार कानापर्यंत, सुरकुतलेला डाग राहिला होता. बघायला येणारे पाहुणे तो डाग बघायचे, मग पोह्यांची फार तारीफ करायचे आणि निघून जायचे.

फणी आणायला ती आत गेली. विमलाबाईंनी तिचा दंड धरला.

"अगं, नवरामुलगा ना तो?" त्या कुजबुजल्या. "आणि तू चष्मा जोडून देतेस? राहू दे! सुपारी फुटू दे, मग दे."

"आणि मग तो बघेल, तेव्हा?"

"तोवर सवय होईल त्याला."

"आई, मला नाही व्हायची," मैना म्हणाली आणि बाहेर आली.

फणी तिच्या रोजच्या वापरातली, तपकिरी, चष्म्याच्याच रंगाची. तिचा एक दात तिनं मोडला, ब्लेडनं तासला. तो कीस बाटलीच्या झाकणात घेऊन त्यावर नेलपॉलिश काढायचं औषध टाकलं. हळूहळू मधासारखा लगदा झाला. जसल्यानं तसलंच जोडायचं, म्हणजे एकजीव होतं. तुकड्यांच्या टोकांना तिनं थेंबभर औषध लावलं, ती मऊ झाली, मग लगदा भरून दोन्ही बाजू जुळवल्या.

"एक बाजू तुम्ही धरा. दाबून. हलायचं नाही."

दोघांची बोटं शेजारी शेजारी आली. औषधाचा तिखट-गोड वास दोघांच्या मधोमध तरंगत होता.

"एक विचारू?" गोरक्ष हळूच म्हणाला. "मुलगी कशी आहे हो?"

"हट्टी आहे."

"आणि?"

"आणि... तिच्या गालावर भाजल्याचा डाग आहे. मोठा."

मैना त्याच्या बोटांकडे बघत राहिली. ती हलली नाहीत.

"म्हणजे काय पेटतं न् काय वितळतं, हे तिला चांगलंच माहीत असणार," तो म्हणाला. "मग माझं उत्तर आत्ताच—"

"नको!" मैना घाईनं म्हणाली. "न बघता दिलेला होकार मला नको. आधी सुकू दे. मग घाला. मग बघा."

सांधा धरला तेव्हा तिनं चष्मा त्याच्या हातावर ठेवला. "पुरता पक्का व्हायला उद्या उजाडेल. मोठ्यानं हसू नका."

त्यानं चष्मा चढवला. मैनानं मान वर केली आणि वरच ठेवली. लोकांची नजर अशा वेळी चटकन पायांकडे वळायची. याची वळली नाही. दारावरची पाटी वाचत होता, तसाच तो बघत होता... सावकाश.

"काय दिसलं?" तिच्यानं राहवलं नाही.

"शेवगा नव्हे, एवढं नक्की."

"हसवू नका ना!"

दुपारी लंकाआत्या आल्या. बैठक भरली. मैना पाण्याचे पेले घेऊन आली, तशी आत्यांनी तिचा गाल निरखला, मग भाच्याकडे वळून सगळ्यांदेखत आपल्या गावच्या बोलीत विचारलं, "काय रे, पोर कशी शे?"

गोरक्षनं तोंड उघडलं... आणि नेमकी तेव्हाच आत विमलाबाईंनी मिरचीची फोडणी टाकली.

अशी शिंक आली म्हणता! चष्म्याचा एक तुकडा आत्यांच्या ओटीत, दुसरा थेट पेल्यात.

"आता रे?" आत्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पोरगी बघशील कशी?"

"मोडू दे, आत्या," डोळे पुसत तो म्हणाला. "बघायचं होतं ते बघून झालं. चांगली शे. आता तिला विचार. सकाळपासून तीच मला बघतेय."

आत्या मैनाकडे बघू लागल्या. विमलाबाई झारा हातात घेऊन दारात थबकल्या.

मैनानं पेल्यातला तुकडा काढला, पदरानं पुसला, कोनाड्यातली फणी घेतली आणि तिचा आणखी एक दात मोडला.