‘झटपट’च्या मागे

सूनबाईने इस्त्रीचं दुकान काढलं आणि नाव ठेवलं ‘झटपट’. दारावरच्या भिंतीवर पेंटरने ते रंगवलं: लाल, जाडजूड, बिननक्षीची अक्षरं, सगळी उजवीकडे कललेली. साठीनंतर मला अक्षरओळख सूनबाईनेच करून दिली, म्हणून पहिल्यांदा वाचायचा मान माझा. वाचलं. एकही चूक नाही.

“पण ही अशी कलली का आहेत?”

“धावताहेत, काका,” पेंटर म्हणाला. “झटपट म्हणजे वेग! आजकाल सगळ्यांना हाच टाईप हवा असतो.”

“हौसेने धावणारा एवढा पुढे पडत नाही. यांच्या मागे कुणीतरी लागलंय.”

“बाबा, त्याला काम करू द्या,” सूनबाई म्हणाली.

दुकान बुडालं तर ती परगावच्या जुन्या नोकरीवर जाणार आणि मी घरात एकटा उरणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

गिऱ्हाईक काही येईना. मी बाकावर बसून तेच नाव वाचत राही. एका सकाळी ‘झ’ जागेवर दिसेना. चारही अक्षरं वीतभर उजवीकडे सरकली होती. वरची रेघ मात्र होती तिथेच. डावीकडे ती धुणं काढून नेलेल्या दोरीसारखी रिकामी.

“बाबा, चष्मा पुसा.”

पुसला. मग तिनेही आपला पुसला.

पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, इस्त्रीच्या उष्णतेने रंग सरकतो.

“चारही अक्षरं? एकाच दिशेला?”

“एकीचं बळ, काका,” तो म्हणाला, आणि शिडी तिथेच टाकून निघून गेला.

पुढे शेवटचा ‘ट’ रेघ सोडून शेजारच्या न्हाव्याच्या भिंतीवर गेला. न्हावी दारात येऊन ओरडला, “वहिनी, तुमचा ट आलाय माझ्याकडे! पण याचं डोकं कुणीतरी आधीच भादरलंय, मी काय करू?”

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता मी वर पाहिलं.

रिकाम्या रेघेखाली एक अक्षर आलं होतं. बारीक. ताठ. कुठेही न कललेलं. त्याला घाई नव्हती.

मला वाटलं, माझंच शिकायचं राहिलं असेल.

“सूनबाई, हे कोणतं?”

ती पदवीधर. तिने बराच वेळ पाहिलं.

“हे आपल्यात नाही, बाबा.”

त्यावर चुना मारला. चुना वाळला, तसं ते पुन्हा वर आलं.

त्याच दुपारी दारात रांग लागली. कपड्यांचे गठ्ठे मावेनात. सूनबाईने परगावी फोन करून कळवून टाकलं: येत नाही. मी देवाला हात जोडले, पण भिंतीकडे न बघता.

काल दुकानातला फोन वाजला. तिने एका हाताने इस्त्री फिरवत तो कानाला लावला आणि दुकानाचं नाव सांगितलं.

न अडखळता. पाचही अक्षरं.