मागापलीकडची बाई

थॉर्नक्लफच्या गिरणीत आता कापड निघत नाही. लोक तिकीट काढून ती बघायला येतात. तरी गावाने ती इतकी जिवापाड जपली आहे की मला दरवेळी भरून येतं. कामगारांची विटांची घरं तशीच, दारापुढच्या पायऱ्या घासूनपुसून लख्ख. मागे नदीकाठचं उद्यान. मे महिन्यात तिथे बीच नावाच्या उंच झाडांखाली निळ्या फुलांनी जमीन दिसत नाही.

हेटी, माझी थोरली बहीण, इथेच माग चालवायची. मी तिच्या शेजारी. त्या खडखडाटात ऐकू कुणाला येणार? आम्ही बायका ओठ वाचूनच गप्पा मारायचो. त्यात हेटीचा हात कुणी धरू शकत नसे. चार मागांपलीकडची चहाडीही तिला कळायची. कान मागांनी कधीच नेले, आता डोळेही चालले होते. डॉक्टरांनी हात टेकले. डोळे गेले की हिच्याशी बोलायचं कसं, या धास्तीने माझी झोप उडाली होती. म्हणून दिसतंय तोवर तिला गिरणी दाखवायला आणलं.

उद्यानात तिच्या तोंडाशी तोंड नेऊन मी म्हणाले, "फुलं बघ की."

"पुटपुटू नकोस, आयव्ही. तोंड उघड नीट!" ती खेकसली.

आत पाहुण्यांसाठी एक माग सुरू झाला. पायाखालची फरशी थरथरली, तेलाचा जुना वास आला. आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे काय सुंदर पळत होता! हेटीचा चेहरा उजळला. ती हसली, पण माझ्याकडे बघून नाही. पार पलीकडे, बंद मागांच्या रांगेकडे बघून. तिचे ओठ हलू लागले.

तिथे कुणी नव्हतं.

माग थांबताच मी तिचा दंड धरला. "कुणाशी बोलत होतीस गं?"

"ती पलीकडची. काय सुरेख बोलते! एकेक शब्द स्वच्छ."

"हातभरावरची मी दिसत नाही तुला, बये!"

"तू पुटपुटतेस." मग ती हळूच म्हणाली, "ती सांगत होती, डोळ्यांची काळजी करू नकोस. आमच्याकडे लागत नाहीत."

थंडी पडायच्या आत हेटीला दिसेनासं झालं. मी तिच्या तळहातावर अक्षरं गिरवते. ती हात काढून घेते. भिंतीकडे तोंड करून बसते. ओठ हलतात, थांबतात. ती हसते. पुन्हा ओठ हलतात.

बघायचं नाही असं ठरवलं होतं. काल तिच्या ओठांवर नजर गेलीच.

"नाही गं, हात बसलेला आहे तिचा," हेटी भिंतीला सांगत होती. "दोन माग तयार ठेव. आयव्हीला घेऊनच येते."