मागे कोणी नाही

दरवर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी राजूरपासून घाट चढून बुलढाण्याला चालत जायचं आणि वाटेत मिळेल ती मदत दवाखान्यातल्या डायलिसिसच्या मशीनसाठी द्यायची, हा नेम सहा वर्षं चालला होता. सहाही वर्षी पांढरा झेंडा घेऊन पुढे चालल्या त्या स्नेहलताबाई. मोताळ्यात गणित शिकवणाऱ्या, कामाला चोख आणि कौतुकाला हपापलेल्या.

यंदा बेचाळीस माणसं निघाली. पदयात्रेचे कर्तेधर्ते म्हणजे कापडदुकानवाले शकूरभाई. त्यांनी पांढरा झेंडा गार्गीच्या हातात दिला. गार्गी दवाखान्यातली नवी नर्स, जेमतेम पंचविशीची. बाईंच्या वाट्याला लाल झेंडा आला, सगळ्यात मागचा. बाई हसून हो म्हणाल्या आणि आतून जळून खाक झाल्या. पुढे चालताना शोभावेत म्हणून खामगावहून मुद्दाम पांढरे बूट आणले होते. ते आता धूळ खात होते, तीही दुसऱ्यांनी उडवलेली.

मागच्याचं काम एकच. प्रत्येक थांब्यावर मागे पाहायचं आणि मोठ्यानं सांगायचं, "मांगं कोनी नाई." मग पांढरा झेंडा हलायचा. वाटेत कोणी राहून गेलंच, तर बोल मात्र पुढच्याला लागायचा.

दुसऱ्या थांब्यावर बाईंनी मागे पाहिलं. मोरीच्या कठड्यावर कोणी बाई पाठमोरी बसली होती, पायाशी वाकून.

"माह्या चपलीचा अंगठा तुटला," ती मान न वळवता म्हणाली. "थांबता काय जरासं?"

आवाज ओळखीचा वाटला, चेहरा काही दिसला नाही. बाईंच्या मनात भलतंच आलं. वर गेल्यावर मोजणीत एक माणूस कमी भरेल. गार्गीची चारचौघांत शोभा होईल. पुढच्या वर्षी झेंडा मुकाट्यानं आपल्याकडे येईल. त्या पोरीचा उतरलेला चेहरा त्यांना आत्ताच दिसला, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

"मांगं कोनी नाई," बाईंनी हाक दिली.

तिसऱ्या थांब्यावर त्या तोंड उघडणार, तोच खालच्या वळणावरून हाक आली, "मांगं कोनी नाई." आवाज त्यांचाच होता. पांढरा झेंडा हलला, सगळे चालू लागले.

बाईंनी वळून पाहिलं नाही. भरभर चालायला गेल्या, तर डावा पाय फरफटत येऊ लागला.

चौथ्या थांब्यावर हाक अगदी पाठीशी आली.

माथ्यावर सगळे ओळीनं उभे राहिले. शकूरभाई बोटानं मोजत आले. बाईंपाशी बोट थांबलं नाही, तसंच पुढे सरकलं.

"बेचाळीस. बराबर," ते म्हणाले.

गार्गीसाठी टाळ्या पडल्या. तशातही बाईंना त्या झोंबल्या.

मग शकूरभाई बाईंना ओलांडून मागे गेले आणि तिथं कोणाला तरी आदबीनं म्हणाले, "थकल्या काय, स्नेहलताबाई? द्या तो झेंडा इकडं."

बाईंनी आपला हात पाहिला. रिकामा होता. मग खाली पाहिलं.

पायात जुनी चप्पल होती. डाव्या चपलेचा अंगठा तुटून लोंबत होता.